अल्कलाइन पाण्याने रक्त अल्कलाइन होते का? आम्ल, आम्लारी आणि बफरचा हिशेब

टेबलावर दोन ग्लास ठेवलेले असतात. एकात आरओचे पाणी, दुसऱ्यात महागड्या यंत्रातून काढलेले 'अल्कलाइन वॉटर'. विक्रेता दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतले दोन-दोन थेंब टाकतो. आरओचे पाणी पिवळसर होते, यंत्रातले निळे-जांभळे. मग वाक्य येते : "बघा, तुम्ही रोज ॲसिड पिताय." असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये अजूनही फिरत असतात. त्यांच्या शेपटाला बहुधा आणखी एक दावा चिकटलेला असतो, की शरीर अल्कलाइन ठेवले की कर्करोगापासून मधुमेहापर्यंत काहीच होत नाही.

रंग बदलतो ते खरे आहे. त्यात हातचलाखी नसते. पण त्या रंगावरून शरीराविषयी काहीही सिद्ध होत नाही. ते का, हे कळायला रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या तीन गोष्टी पुरतात : आम्ल, आम्लारी आणि बफर. पहिल्या दोन बहुतेकांना आठवतात. तिसरी विसरली जाते, आणि नेमके सगळे तिच्यातच आहे.

आम्ल कोण, आम्लारी कोण

पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, आणि जो ते हायड्रोजन आयन स्वीकारतो तो आम्लारी. ही व्याख्या डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी १९२३ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. त्याआधी स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात पाण्यात आयन सुटे होतात ही कल्पना मांडली होती. परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्याला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

'आम्लारी' हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकातला एक चांगला शब्द आहे. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. दोघे भेटले की एकमेकांना निष्प्रभ करतात आणि क्षार व पाणी तयार होते. इथे बोलीभाषेत एक घोटाळा होतो. 'क्षार' हा शब्द लोक अल्कलीसाठीही वापरतात आणि मिठासारख्या पदार्थांसाठीही. बोअरचे पाणी 'क्षारयुक्त' म्हणतात तेव्हा त्यात विरघळलेली खनिजे जास्त असतात, एवढाच अर्थ असतो. ते पाणी तीव्र आम्लारीधर्मी असते असे नाही.

स्वयंपाकघरात दोन्ही पक्ष हजर असतात. चिंच, आमसूल, लिंबू, दही, व्हिनेगर ही आम्ले. खाण्याचा सोडा, पापडखार, चुन्याची निवळी हे आम्लारी. आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालतात, कारण आम्लात डाळ लवकर मऊ होत नाही. उलट चिमूटभर सोडा घातला की हरभरे भराभर शिजतात. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळदीतला रंग आम्लारीत लाल होतो. भरपूर पाण्याने साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करण्याची जुनी रीत याच बदलावर चालते.

अशा रंग बदलणाऱ्या पदार्थांना 'दर्शक' म्हणतात. व्हिडिओतल्या बाटलीतही तेच असते. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये वनस्पतींच्या रसांचा असा उपयोग लिहून ठेवला, म्हणजे विक्रेत्याची युक्ती साडेतीनशे वर्षे जुनी आहे.

सामू : एक पायरी म्हणजे दहापट

हायड्रोजन आयनांचे प्रमाण मोजण्याची पट्टी म्हणजे पीएच, मराठीत सामू. शेतकरी माती परीक्षणाच्या अहवालात हा शब्द नेहमी वाचतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही पट्टी आणली. प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती. सोरेनसेनला प्रथिने आणि विकरे यांवर आम्लतेचा परिणाम अभ्यासायचा होता आणि दशांश चिन्हानंतरची शून्ये मोजत बसणे गैरसोयीचे होते.

सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्लधर्मी, वर आम्लारीधर्मी. लिंबाचा रस २ च्या आसपास, दही साडेचारच्या जवळपास, दूध ६.५ च्या थोडे वर, खाण्याच्या सोड्याचे पाणी ८.३, चुन्याची निवळी १२ च्या वर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा.

ही पट्टी साध्या फुटपट्टीसारखी नाही. एक अंक खाली उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. ७ वरून ५ म्हणजे दोनने कमी नव्हे, शंभरपट आम्लधर्मी.

आणि सगळ्यात मोठी गल्लत पुढे आहे. सामू सांगतो की या क्षणी पाण्यात किती हायड्रोजन आयन मोकळे आहेत. एकूण आम्ल किती साठलेले आहे, ते सांगत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्णपणे सुटे होते. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल सौम्य असते. त्याच्या विरल द्रावणात शंभरातला जेमतेम एखादा रेणू आपला हायड्रोजन सोडतो, बाकीचे धरून बसतात. खिशातले सुटे पैसे आणि बँकेतली शिल्लक यांत जो फरक, तोच सामू आणि एकूण आम्ल यांत.

बफर म्हणजे काय

एक लिटर शुद्ध पाणी घ्या, सामू ७. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. वजनात हे जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम आम्ल झाले. सामू थेट २ वर येतो. हायड्रोजन आयन एक लाख पटींनी वाढले.

आता दुसरे एक लिटर द्रावण घ्या, ज्यात ०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट आहे. याचा सामू सुमारे ४.७६. त्यात तेवढेच आम्ल घाला. सामू होतो ४.६७. म्हणजे जवळजवळ हललाच नाही.

पहिल्या भांड्यात आलेल्या हायड्रोजन आयनांना पकडणारे कोणी नव्हते. दुसऱ्यात ॲसिटेट होते. त्याने आलेला प्रत्येक हायड्रोजन पकडला आणि त्याचे ॲसेटिक आम्ल झाले. आम्लाऐवजी आम्लारी घातला असता, तर ॲसेटिक आम्लाने आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन तो मारला असता. सौम्य आम्ल आणि त्याचा जोडीदार असे दोघे एकाच भांड्यात भरपूर प्रमाणात असले, की दोन्ही बाजूंचे हल्ले परतवले जातात. या जोडीला बफर म्हणतात.

बफर अमर नसतो. वरच्या द्रावणात ०.१ मोलपेक्षा जास्त आम्ल ओतले की ॲसिटेट संपते आणि सामू साध्या पाण्यासारखा कोसळतो. जोडी जितकी दाट, तितकी तिची क्षमता जास्त. दोघांचे प्रमाण समसमान असताना ती सर्वांत चांगली चालते.

प्रयोगशाळेत पीएच मीटर वापरण्याआधी ठरावीक सामूच्या बफर द्रावणात बुडवून तपासतात ते यासाठीच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने किंवा कुणाच्या ओल्या बोटाने त्याचा आकडा सरकत नाही. शुद्ध पाण्याचा सरकतो. उघड्या ठेवलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. ग्लासातले आरओचे पाणी पिवळसर दिसले, त्याचे हेच कारण. त्यात आम्ल नगण्य असते, पण आयन पकडणारेही फारसे कोणी नसते, म्हणून दर्शकाला लगेच फरक दिसतो.

रक्ताची व्यवस्था

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असतो. म्हणजे रक्त मुळातच किंचित आम्लारीधर्मी आहे. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर फार काळ जगणे जवळजवळ अशक्य असते.

एवढ्या अरुंद पट्ट्यात राहणे सोपे नाही, कारण शरीर दिवसभर आम्ल तयार करत असते. अन्न जाळून प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १५ मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होते. शिवाय प्रथिनांच्या चयापचयातून सल्फ्युरिक आम्लासारखी, श्वासावाटे न जाणारी आम्लेही दिवसाला साधारण ०.०५ ते ०.१ मोल तयार होतात.

रक्तातला मुख्य बफर कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट या जोडीचा. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिने मदतीला असतात. अमेरिकेच्या लॉरेन्स हेंडरसनने १९०८ मध्ये या जोडीचे गणित मांडले, पुढे डेन्मार्कच्या हॅसलबाल्खने ते लॉगरिदमच्या रूपात लिहिले. वैद्यकीय विद्यार्थी ते सूत्र आजही घोकतात. रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण सुमारे २० ला १ असते, आणि त्या प्रमाणावरून सामू ७.४ निघतो.

वीसास एक म्हणजे जोडी अजिबात समसमान नाही. कागदावर हा बफर तसा कमकुवत वाटतो. तो इतका उत्तम चालतो, कारण भांडे उघडे आहे. बायकार्बोनेटने हायड्रोजन पकडून कार्बोनिक आम्ल झाले की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि फुफ्फुसे तो बाहेर टाकतात. आम्ल वाढले तर मेंदू श्वासाचा वेग वाढवतो, हे काम मिनिटांत होते. मूत्रपिंडे उरलेले आम्ल लघवीवाटे काढतात आणि खर्च झालेले बायकार्बोनेट नव्याने भरून देतात, त्यांना तास ते दिवस लागतात.

म्हणून आहार बदलला की लघवीचा सामू बदलतो. लघवीत पट्टी बुडवून 'शरीर अल्कलाइन झाले' म्हणणारे लोक खरे तर मूत्रपिंडे काम करत असल्याचा पुरावा दाखवत असतात. लिंबूपाण्याचेही तसेच. 'लिंबू शरीरात गेल्यावर अल्कलाइन होते' या वाक्यात थोडे तथ्य आहे. सायट्रिक आम्लाचे ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि त्यासोबतच्या पोटॅशियम सायट्रेटमधून थोडे बायकार्बोनेट उरते. ते लघवीत जाते. रक्त होते तिथेच राहते. दात मात्र दिवसभर लिंबूपाणी घोट-घोट पिणाऱ्याचे झिजतात, कारण सामू साडेपाचच्या खाली गेला की दातांवरचे कवच विरघळू लागते.

दोन ग्लासांचा हिशेब

सामू ९.५ असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.००००३ मोल हायड्रॉक्साइड आयन असतात. जठररसाचा सामू १.५ धरला, तर त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ०.०३ मोल हायड्रोजन आयन असतात. भागाकार करा : एक लिटर अल्कलाइन पाण्यातला तो वाढीव सामू मारायला सुमारे एक मिलिलिटर जठररस पुरतो. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करते. पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे थोडे आणखी आम्ल खातील, पण ती साध्या विहिरीच्या पाण्यातही असतात, त्यासाठी यंत्र लागत नाही.

आणि समजा जठरातले बरेच आम्ल खरोखरच मारले गेले, तरी? जठर पुन्हा आम्ल तयार करते. अन्न पुढे लहान आतड्यात गेले की स्वादुपिंड स्वतःचे बायकार्बोनेट सोडून ते उदासीन करते. हे सगळे रक्तापर्यंत पोहोचण्याआधीच घडते.

हे पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला बहुधा अपाय होत नाही. पैसे जातात. अपाय होतो तो त्याच्यासोबत विकल्या जाणाऱ्या कल्पनेने. अमेरिकेत 'पीएच मिरॅकल' ही पुस्तके लिहिणारे रॉबर्ट यंग आजारांचे मूळ शरीरातल्या आम्लात आहे असे सांगत आणि गंभीर रुग्णांना खाण्याच्या सोड्याचे सलाइन देत. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल ते दोषी ठरले. २०१८ मध्ये एका कर्करुग्ण महिलेच्या दाव्यात ज्युरीने त्यांच्याविरुद्ध १०.५ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. तिने त्यांच्या सल्ल्यावरून नेहमीचे उपचार नाकारले होते.

खाण्याचा सोडा चमचा-चमचा पाण्यातून रोज घेणे हा याच कल्पनेचा घरगुती अवतार. त्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ते महागात पडू शकते, आणि फार सोडा घेतल्यास रक्त खरोखरच जास्त आम्लारीधर्मी होऊन झटके किंवा हृदयाचे ठोके बिघडणे असे त्रास होतात. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, पण रक्त तपासून आणि मोजून.

रक्त खरोखर आम्लधर्मी होते तेव्हा

'मला ॲसिडिटी आहे' याचा अर्थ जठरातले आम्ल जळजळ करते आहे. त्याचा रक्ताच्या सामूशी संबंध नाही. रक्तात आम्ल साठण्याच्या अवस्थेला 'ॲसिडोसिस' म्हणतात, आणि ती रील पाहून घरी ओळखण्याची गोष्ट नव्हे, थेट रुग्णालय गाठण्याची आहे.

मधुमेहातले उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. इन्शुलिन नसले की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळते, आणि यकृतात कीटोआम्ले तयार होऊ लागतात. बायकार्बोनेट ती पकडत राहते आणि संपत जाते. श्वास खोल आणि जलद होतो, कारण शरीर कार्बन डायऑक्साइड फेकून सामू सावरायची धडपड करते. जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमॉल यांनी १८७४ मध्ये हा श्वास नोंदवला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पाहणाऱ्याला तो दम्यासारखा किंवा न्यूमोनियासारखा वाटतो.

लहान मुलांत मधुमेह आहे हेच कधी कधी या अवस्थेत पहिल्यांदा कळते. आधीचे काही दिवस किंवा आठवडे खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण ओले करणे, वजन उतरणे. मग उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, गुंगी. पोटदुखी आणि उलट्यांवरून घरचे 'पित्त झालेय' म्हणून सोडा-लिंबू देतात आणि वेळ जातो. उपचार म्हणजे सलाइन, इन्शुलिन आणि पोटॅशियमवर लक्ष. सोडा मुख्य उपचार नाही, कारण इन्शुलिन मिळाले की शरीर तीच कीटोआम्ले जाळून आपले बायकार्बोनेट परत मिळवते. 'नैसर्गिक उपचार' म्हणून टाइप १ च्या रुग्णाचे इन्शुलिन थांबवणे म्हणजे त्याला याच अवस्थेकडे ढकलणे.

बफर बाहेरही आहेत

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा उघडा धडा म्हणावा लागेल. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवरातल्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. त्यात कार्बोनेट-बायकार्बोनेटची जोडी भरपूर आहे आणि ती नेमकी १० च्या आसपासच सर्वांत चांगली चालते. दर पावसाळ्यात किंचित आम्लधर्मी पाऊस पडतो, सरोवर पातळ होते, पण उदासीन होत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतही हेच चालते. फळबागेत पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, कारण सामू ८ च्या वर आहे. थोडे आम्ल सोडून तो उतरत नाही. जमिनीतली चुनखडी ते खाऊन टाकते. म्हणून सामू बदलण्यापेक्षा चिलेटेड लोह देणे बरे पडते. ठिबकच्या नळ्यांना आम्ल देतात ते वेगळ्या कारणासाठी, तोट्यांत साचलेला चुना काढायला.

समुद्राचाही बफर हाच. तरीही औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ किरकोळ वाटते, पण पट्टी दहापटीची आहे : हायड्रोजन आयन पाव पटीहून जास्त वाढले, आणि शंख-शिंपले व प्रवाळांना कवच बांधायला लागणारे कार्बोनेट त्या प्रमाणात कमी झाले.

संडास-बाथरूममधले ॲसिड

घरात सर्वांत तीव्र आम्ल फरशी आणि संडास साफ करण्याच्या बाटलीत असते, बहुधा हायड्रोक्लोरिक. ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणात मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसांना गंभीर इजा करतो. दोन्ही वापरायचेच असतील, तर वेगवेगळ्या दिवशी आणि मध्ये भरपूर पाणी ओतून.

त्वचेवर किंवा डोळ्यात आम्ल उडाले तर त्यावर सोडा लावू नये, आणि चुना किंवा कॉस्टिक सोडा उडाला तर लिंबू चोळू नये. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते आणि भाजल्यावर आणखी भाजते. ओले कपडे काढून वाहत्या साध्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धरावे आणि मग दवाखाना. डोळ्यात चुना गेला असेल तर त्याहून जास्त वेळ, कारण आम्लारी ऊतींमध्ये खोलवर शिरत जातो. कुणी असे काही प्यायले असेल तर उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे, म्हणजे आत नेमके काय होते ते डॉक्टरांना कळते.